ऐकलंस तर परत म्हण

४ जानेवारी

बारक्या,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जागच्या जागी आहेत. तुझी वहिनी ठीक, पोरं ठीक, मी ठीक. फोन तू उचलत नाहीस म्हणून हा कागद. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा सावकाश वाच.

दुपारच्या सुट्टीत बाराव्या मजल्यावरच्या लिफ्टच्या मशीन रूममध्ये बसून लिहितोय. कागद सर्व्हिस शीटचा आहे, त्यामुळे उलट्या बाजूला 'ब्रेक तपासला, दोर तपासले, दारं तपासली' असं छापलेलं दिसेल. त्यावरून मी सगळं तपासतो असा समज करून घेऊ नकोस.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. तिच्यावर चिडू नकोस, बिचारीनं तुझ्या चोरून केला. म्हणाली, "भाऊजी, दोन महिने झाले, हे घराबाहेर पडलेले नाहीत. पार्सलच्या गोदामातलं काम सोडलं. दिवसभर पडदे ओढून बसतात. लेक हात वर करून समोर उभी राहते आणि हे हात पाठीमागे घेतात. म्हणतात, माझ्याच चुकीनं माझी बोटं गेली, असल्या माणसाच्या हातात पोर द्यायची का?"

मी म्हटलं, होईल हळूहळू ठीक. तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि फोन ठेवला. दुसरं काय बोलणार होतो मी? तूच सांग.

बरं, आता तुला हसवतो. तुझ्या दादाला कंपनीनं डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवलंय! डॉक्टर म्हणजे तसा डॉक्टर नाही, बोलायची बाई आहे. जायचं, खुर्चीत बसायचं, तासभर बोलायचं, घरी यायचं. सहा वेळा सक्तीचं. तोवर मला एकट्यानं लिफ्टच्या टपावर जायला बंदी.

झालं काय, तर काहीच नाही. तू गावी गेल्यावर मला कामावर जो जोडीदार दिला त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण त्याचं तोंड बंद होत नाही. गेल्या महिन्यात एका ऑफिसच्या इमारतीत तो वर मशीन रूममध्ये होता, मी लिफ्टच्या टपावर. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये मी लिफ्ट थांबवली आणि जरा बसलो. दम खायला. तो वरून हाका मारत राहिला आणि मी उत्तर दिलं नाही, एवढंच. तो म्हणतो तीन तास. मी म्हणतो दीड. शेवटी पाचव्याचं दार उघडून त्यानं मला काखेत धरून बाहेर ओढलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन साहेबाला सांगितलं. चुगलखोर मेला. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलतो. त्यालाच जास्त त्रास होतोय त्याचा.

मी ठणठणीत आहे. तू बाहेर पडत जा. ऊन खा जरा.

दादा


१५ जानेवारी

बारक्या,

तुझं उत्तर आलं नाही, येईल अशी आशाही नव्हती. पण तुझी बायको म्हणाली की पत्र वाचून तू टेबलाच्या खणात ठेवलंस. फाडलं नाहीस, म्हणजे दुसरं लिहायला हरकत नसावी.

मंगळवारी बाईंकडे गेलो. म्हणजे इमारतीत गेलो. खालच्या पाटीवर 'समुपदेशक' असं लिहिलंय. एवढा शब्द वाचेपर्यंत माणसाचं अर्धं दुःख हलकं होत असावं.

तिसरा मजला. लिफ्ट आपल्याच कंपनीची. आत शिरलो, बटण दाबलं, आणि तिसऱ्यावर लिफ्ट थांबली ती चांगली दोन बोटं वर. दोन बोटं! कुणीही ठेचकाळून पडेल. आणि अशा ठिकाणी येणारी माणसं आधीच खाली मान घालून चालणारी. मला राहवेना. बाईंचं दार उजवीकडे होतं, मी डावीकडे वळलो आणि जिन्यानं वर मशीन रूममध्ये गेलो. खाली 'काम चालू आहे'ची पाटी लावली. ब्रेक सैल झाला होता. तो आवळला, लिफ्ट रिकामी फिरवून बघितली, परत आवळला. मस्त रमलो. हात पुसून घड्याळ बघितलं तर माझा तास संपलेला.

सरळ घरी आलो. तुझ्या वहिनीनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "छान झालं. बरंच काम झालं." खोटं होतं का? नव्हतं.

पण बाई काही कमी नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या नावानं चिठ्ठी. जशीच्या तशी उतरवतो: 'लिफ्ट आता बरोबर थांबते, आभारी आहे. सकाळपासून तीनजणांनी मला तसं सांगितलं. तुमचा तास वाया गेला असं मी धरत नाही. पुढच्या मंगळवारी लिफ्टमधून बाहेर पडून उजवीकडे वळा.'

चिठ्ठी खिशात ठेवलीय. का, ते माहीत नाही. फेकायला हवी.

तू काय खातोस, काय करतोस, काहीच कळत नाही. लेक केवढी झाली? चार पुरी झाली ना?

दादा


२ फेब्रुवारी

बारक्या,

तीन वेळा जाऊन आलो. खरोखर आत. खोली लहान आहे. दोन खुर्च्या, एक प्लास्टिकचं झाड, त्याच्या पानांवर धूळ. घड्याळ माझ्या डोक्यामागं लावलंय, म्हणजे वेळ बाईंना दिसते, मला नाही. माझी खुर्ची पहिल्या दिवशी इतकी कुरकुरत होती की माझ्यापेक्षा तीच जास्त बोलली. दुसऱ्या वेळी तेलाची बाटली घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, "आज खुर्ची, पुढच्या वेळी खिडकी. मग माझ्याकडे दुरुस्त करायला काही उरणार नाही, तेव्हा काय कराल?" हसून म्हणाल्या, पण मी बाटली खिशात घातली.

वय पन्नासच्या आसपास. आवाज साधा. उपदेश करत नाहीत, ते एक बरं. पण सुरुवातीला मला त्यांचा भारी राग आला. का, तर माझेच शब्द मला परत देतात! मी म्हटलं, "मी ठीक आहे." त्या म्हणाल्या, "ठीक आहात." मी म्हटलं, "हो, फक्त झोप लागत नाही." त्या म्हणाल्या, "झोप लागत नाही." मी म्हटलं, "वडील गेल्यापासून." त्या म्हणाल्या, "वडील गेल्यापासून झोप लागत नाही. किती वर्षं झाली?" मी म्हटलं, "साडेतीन." आणि बारक्या, स्वतःच्या तोंडून तो आकडा ऐकून मीच गार पडलो. साडेतीन वर्षं नीट झोपला नाही तो माणूस ठीक कसा?

घरी येऊन कुरकूर केली. म्हटलं, माझंच मला ऐकवते आणि तास भरते, याला काय अर्थ आहे? तुझी वहिनी म्हणाली, "हेच मी वीस वर्षं करतेय, घरबसल्या. तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवत होतात." उठून टीव्ही बंद केला.

काल टपावर जायला परवानगी मिळाली, रेडिओबरोबर. तो मशीन रूममधून ओरडला, "खाली घेतोय." मी परत म्हटलं, "खाली घे." मग लिफ्ट हलली. बावीस वर्षं हेच करतोय, पण काल मी तिथं टपावर हसायला लागलो. रेडिओ घाबरला, त्याला वाटलं परत सुरू झालं. अरे, हाच तर आपला नियम! बाबांनी आपल्याला पाना धरायला शिकवण्याआधी हे शिकवलं. वरचा सांगणार, टपावरचा तेच शब्द परत म्हणणार, आणि ते कानावर पडल्याशिवाय वरच्याचा हात बटणावर जाणार नाही. तुला आठवतं, पहिल्या दिवशी तू नुसतं "हं" म्हणालास तर बाबांनी तुला टपावरून खाली उतरवलं होतं. म्हणाले, "हं म्हणजे काय? हं म्हशीला पण येतं. परत म्हण."

कामावर एवढे काटेकोर. आणि घरी? जेवायला बसलो की ताटात बघून जेवायचे. आई गेली तेव्हा आपल्या तिघांपैकी कुणी एक शब्द बोललं का एकमेकांशी? चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, "उद्यापासून कामावर." आपण दोघांनी माना हलवल्या. परत कुणी काही म्हटलंच नाही.

बाई तेच करतात. ऐकू आलं एवढंच कळवतात. मग माणूस पुढे सरकतो. एवढी साधी गोष्ट आहे, आणि मी तिच्यावर चिडत होतो.

त्या नियमाबद्दल तुला अजून एक गोष्ट लिहायची आहे. पण सुट्टी संपली. रेडिओ खालून बोंबलतोय.

दादा


१६ फेब्रुवारी

बारक्या,

सुट्टी संपली नव्हती. अर्धा तास बाकी होता. रेडिओ खाली चहा पीत होता.

गेल्या मंगळवारी बाईंनी मला त्या दिवसाबद्दल विचारलं. चौथ्या-पाचव्याच्या मधल्या. मी नेहमीचं सांगितलं, दम खात होतो. त्या म्हणाल्या, "दम खात होतात." मग सरळ विचारलं, अगदी 'पाणी हवंय का' विचारतात तसं, "त्या दिवशी जीव द्यायचा विचार मनात आला होता का?"

आपल्या घरात हा प्रश्न कुणी कुणाला विचारला असता तर छत कोसळलं असतं. तिथं काही कोसळलं नाही. मी म्हटलं, "हो."

हे तुला पहिल्या पत्रात गंमत म्हणून लिहिलं. गंमत नव्हती ती. मी वर यायचंच नाही असं ठरवत होतो आणि ठरत नव्हतं, एवढाच तो दीड तास. तीन तास. रेडिओ बरोबर सांगतो, तीनच. तो सगळा वेळ हाका मारत होता. त्याच्या बायकोचं नाव, त्याच्या कुत्र्याचं आजारपण, क्रिकेटचा स्कोअर, जे सुचेल ते वरून ओरडून सांगत होता. त्याचं तोंड बंद होत नाही म्हणून मी आज तुला लिहितोय. सकाळी त्याला मिठी मारली. तो आयुष्यात पहिल्यांदा दोन मिनिटं गप्प झाला.

बाईंनी माझी परवानगी घेऊन तुझ्या वहिनीला आत बोलावलं. तिच्यासमोर परत म्हणायला लावलं. ती रडली, मग चिडली, मग माझा हात धरून बसली. झोपेसाठी एका डॉक्टरचं नाव लिहून दिलंय. एक नंबर दिलाय, वाईट विचार आला की लावायचा. तो माझ्या खिशातल्या पाकिटात आहे. जादू नाही झाली काही. पण काल सलग पाच तास झोपलो.

मग बाईंनी विचारलं, "तिथं बसून कुणाचा विचार करत होतात?"

मी म्हटलं, भावाचा.


१८ फेब्रुवारी

परवा इथपर्यंत लिहून पेन ठेवलं. काल दिवसभर कागद खिशात घेऊन फिरलो. आता न थांबता लिहितो.

त्या दिवशीचं. तीन वर्षांपूर्वीचं. तुला आठवत नाही हे मला ठाऊक आहे. मला सगळं आठवतं.

जुनी लिफ्ट, टपावरून चालवायचं बटण बिघडलेलं. म्हणून मी मशीन रूममधून चालवत होतो आणि तू टपावर उभा राहून, लिफ्ट ज्यांना धरून वर-खाली सरकते त्या रेलना तेल लावत होतास. सहाव्या मजल्याचं झालं. आता तू सातव्याला हवा होतास. मी ओरडून कॉल द्यायचा होता, "वर घेतोय." तू परत म्हणायचं होतंस, "वर घे." मगच बटण.

बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. तिसऱ्या दिवशी कामावर आलो होतो, शहाणा. त्या काळात मी उभ्या उभ्या हरवायचो. रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर कळायचं की ओलांडला. कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होतो, की थोरला असून मला सावरता येत नाहीये? त्या दिवशी समोरच्या भिंतीकडे बघत होतो आणि माझा हात आपोआप बटणावर गेला. लिफ्ट वीतभर हलली. मग तुझा आवाज आला. तो आवाज रोज ऐकतो मी.

तुझा हात रेलवर होता, कारण असायलाच हवा होता. तू तुझं काम करत होतास.

तुला हॉस्पिटलात नेलं आणि मला चौकशीला बसवलं. चष्मेवाल्या साहेबानं विचारलं, "कॉल दिला होतात?" मी म्हटलं, "दिला होता." "उत्तर आलं?" मी म्हटलं, "आलं." दोनच उत्तरं.

तुझी शुद्ध नीट आल्यावर साहेब तुझ्याकडे आले. मी पलंगाच्या पायाशी उभा होतो. त्यांनी विचारलं, "तू उत्तर दिलं होतंस का?" तू माझ्याकडे बघितलंस. तुझ्या डोळ्यांत संशय असता ना, तरी मी सुटलो असतो. पण तू म्हणालास, "मला आठवत नाही. पण दादा म्हणतोय तर दिलं असेल."

मी वाकून तुझी चादर सारखी केली. अहवालात लिहिलं गेलं, 'टपावरील कामगाराने हात रेलवर असताना उत्तर दिले.' दोन बोटं गेली, तिसरं वाकत नाही, नोकरी गेली, आणि वर ती चूक तू गळ्यात बांधून घेऊन गावी गेलास. तू माझ्याशी बोलत नाहीस असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे पहिलं वर्षभर तू दर रविवारी फोन करत होतास आणि मीच उचलत नव्हतो. मग तू थांबलास.

आता नीट ऐक. मी कॉल दिला नव्हता. तू उत्तर दिलं नव्हतंस, कारण मी विचारलंच नव्हतं. चूक माझी होती.

तुझे हात कधीच चुकले नाहीत, बारक्या. लेकीला उचल.

आणि एक विचारतो. मला विचारलं तसंच सरळ विचारतो, कारण विचारल्यानं काही वाईट होत नाही हे आता मला ठाऊक आहे. जीव द्यायचा विचार तुझ्या मनात येतो का? येत असेल तर लाजू नकोस, थोरल्याच्याही मनात आला होता. हे पत्र वाचून आला तर आधी बायकोला हाक मार, आणि मागच्या बाजूला लिहिलेला नंबर लाव. तिच्याशी मी आजच बोललोय, ती तुझ्याजवळ असेल. तुमच्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलात दर बुधवारी एक माणूस बसतो, बाईंनी चौकशी करून त्याचं नावही तिथंच लिहून दिलंय.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते मागायचा हक्क नाही मला. ऐकलंस एवढं कळव.

दादा


३ मार्च

बारक्या,

दोन आठवडे झाले. तुझ्या बायकोनं सांगितलं, पत्र वाचलंस, मग न्हाणीघरात गेलास आणि बराच वेळ नळ सोडून बसलास. ती दाराला कान लावून उभी होती. बाहेर आलास तेव्हा डोळे सुजलेले, आणि म्हणालास, "पडदा सरकव जरा, काही दिसत नाहीये." नंतर दोन दिवस भिंतीवर वस्तू फेकल्यास म्हणे. एक कप आणि माझा लग्नातला फोटो. कप चांगला होता, फोटोचं काही नाही.

मी ऑफिसात गेलो. साहेब तेच, चष्मा नवा. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अहो, बंद झालेली फाईल आहे. कशाला उकरता? तुमची बावीस वर्षं पाण्यात जातील."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही लिहून घ्या. मी सांगतो ते शब्द न शब्द लिहा आणि मला परत वाचून दाखवा."

लिहिलं. वाचून दाखवलं. सही केली. आता अहवाल बदलणार, तुला त्याची प्रत येईल, नोकरीवर परत घेण्याचं पत्रही त्याबरोबर येईल की नाही ते मला सांगता येत नाही. मला लिफ्टच्या शाफ्टमधल्या कामावरून काढलंय. सध्या स्टोअरमध्ये बसून सुट्या भागांना चिठ्ठ्या चिकटवतो. पुढे काय ते ठरायचंय. रेडिओ रोज जेवायला तिथं येतो आणि डोकं खातो.

बाईंना सगळं सांगितलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्या म्हणाल्या, "सांगून झालं. आता उत्तर आलं नाही तर?" मी म्हटलं, थांबेन. त्या म्हणाल्या, "थांबाल." मी म्हटलं, जमेल तेवढं. सहा वेळा संपल्यात, पण मी सातव्या मंगळवारची वेळ घेऊन आलो. कुणी सक्ती केली नाही.

थांबायची सवय नाही रे मला. रोज पोस्टमन गेला की बाहेर जाऊन डबा बघतो. तुझी वहिनी म्हणते, "त्या डब्याला आता तेल तरी घाला, येता-जाता उघडताय तर." घातलं.

दादा


१४ मार्च

बारक्या,

तुझं कार्ड आलं.

आधी ओळखलंच नाही. एवढी मोठी, वाकडीतिकडी अक्षरं, मला वाटलं लेकीनं काढली. मग कळलं, डाव्या हातानं लिहिलंयस. दारातच उभा राहून वाचलं. तुझ्या वहिनीला वाचून दाखवायला गेलो तर तिनंच माझ्या हातातून घेऊन मला वाचून दाखवलं. तुझेच शब्द इथं परत लिहितो, म्हणजे मला नीट ऐकू आलेत हे तुला कळेल.

'मी कॉल दिला नव्हता. ऐकलं.
तू उत्तर दिलं नव्हतंस, कारण मी विचारलंच नव्हतं. ऐकलं.
चूक माझी होती. ऐकलं.
तू विचारलंस त्याचं उत्तर, हो. येत होता. दोनदा बुधवारी त्या माणसाकडे जाऊन आलो. तोही माझंच मला परत देतो.
तुझा भयंकर राग आलाय दादा. तीन वर्षं मी रोज आठवायचा प्रयत्न केला की मी उत्तर कसं दिलं. हा राग लवकर जाणार नाही.
लेकीला उचललं. जड झालीय.'

सगळं ऐकू आलं, बारक्या. राग आलाय, ऐकलं. लवकर जाणार नाही, ऐकलं. त्यावर माझ्याकडे सारवासारव करायला एक शब्द नाही.

शेवटची ओळ मात्र दहा वेळा वाचली. वहिनी म्हणाली, "आता पुरे, कागद फाटेल."

आता माझा कॉल. रविवारी सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे येतोय. दारात उभं करून शिव्या घातल्यास तरी चालतील, उंबऱ्याबाहेर उभा राहून खाईन. पण मागच्या वेळी मी तुझं ऐकण्याआधीच हात हलवला होता.

म्हणून, रविवारी येतोय. ऐकलंस तर परत म्हण. तू म्हणेपर्यंत मी जागचा हलणार नाही.

दादा